राहदारीची माफी

आमच्या हर्सूल गावावरून उत्तरेस जाणारा रस्ता आज अजिंठ्याचा रस्ता म्हणून ओळखला जातो. शहराच्या दिल्ली दरवाजातून तो निघतो, चौक्याचा घाट चढतो आणि फुलंब्री, सिल्लोड, अजिंठा ही गावे घेत फर्दापुराकडे उतरतो. परदेशच्या प्रवाशांस त्याची ओळख लेण्यांमुळे. परंतु सतराव्या शतकात या वाटेचे महत्त्व निराळ्याच कारणाने होते. मलिकंबराने १६१० साली वसविलेली खडकी, जिला औरंगजेबाने आपल्या दुसऱ्या सुभेदारीत, १६५३ च्या सुमारास, औरंगाबाद हे नाव दिले आणि जिचे नाव २०२३ पासून सरकारदरबारी छत्रपती संभाजीनगर झाले, ती दक्षिणेतील मोगली सत्तेचे ठाणे होती. तिला बऱ्हाणपूरशी आणि बऱ्हाणपुराहून आग्र्याशी व सुरतेशी जोडणारी वाट ती हीच. फौजा, खजिना, कासीद, लमाणांचे तांडे, धान्याचे बैल आणि कापडाच्या गाड्या, सारे हर्सुलाच्या शिवेवरूनच जाई. फर्दापूरची मोगलकालीन सराई त्या रहदारीची साक्ष म्हणून आजही उभी आहे. मात्र या वाटेने जाणारा माल फुकट जात नसे.

हा जुना विषय काढण्यास एक ताजे निमित्त घडले. २०२५ साली अमेरिकेच्या अध्यक्षांनी १९७७ च्या एका आणीबाणीविषयक कायद्याचा आधार सांगून जगातील बहुतेक देशांच्या मालावर आयातशुल्क बसविले. त्या वर्षीच्या ऑगस्टात भारताच्या मालावरील या वाढीव शुल्काची मजल ५० टक्क्यांपर्यंत गेली. त्याच महिन्याच्या २९ तारखेस तेथील अपील न्यायालयाने त्या कायद्यात अशा शुल्काचा अधिकार दिलेला नाही असे बहुमताने ठरविले, आणि तरीही पुढील दाद लागेपर्यंत वसुली चालू राहू दिली. मी वर्गात माँटेस्क्यूचा सत्ताविभागणीचा सिद्धांत शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने उठून विचारले, "सर, त्यांच्या घटनेत जकातीचा अधिकार अध्यक्षांना नाही, काँग्रेसला आहे. मग अंकुश कुठे गेला?" प्रश्न रास्त होता. अमेरिकेपुरते त्याचे उत्तर सोपे आहे. १९३० साली काँग्रेसने स्वतःच हजारो जिनसांवरील जकात वाढवून पाहिली आणि हात पोळून घेतले. १९३४ पासून तिने आपला अधिकार कायद्यामागून कायदा करून अध्यक्षांच्या हाती थोडा थोडा दिला. जो अंकुश आपण होऊन खाली ठेवला तो प्रसंगी हाती लागत नाही. परंतु मुलाला हे सांगत असता माझ्या मनात आली ती आमच्या दारावरून जाणारी वाट, आणि साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीचे एक फर्मान.

राहदारी म्हणजे वाटेवरील पट्टी. नाक्यानाक्यावर, घाटाच्या तोंडाशी, नदीच्या उतारावर मालाची गाडी अथवा बैल अडवून ती घेत. तिचे मूळ समर्थन असे की, वाट राखण्याचा, चोराचिलटांचा बंदोबस्त करण्याचा खर्च वाटसरूंनीच सोसावा. हे समर्थन अगदीच पोकळ नव्हते, कारण आपल्या हद्दीत चोरी झाली तर तिचा जाब फौजदारास द्यावा लागे. परंतु एकाच मालावर ती किती वेळा घ्यावी यास मर्यादा नव्हती. एका जहागीरदाराची हद्द ओलांडली की दुसऱ्याची लागे. मध्ये एखादा जमीनदार आपला हक्क सांगे. फौजदाराची माणसे निराळीच. व्यापाऱ्यास बाजारभावाचा हिशेब घालता येई, पण वाटेचा घालता येत नसे.

वारसाहक्काच्या युद्धात भावांचा पाडाव करून औरंगजेब तख्तावर बसला, तेव्हा उत्तर हिंदुस्थानात महागाई झाली होती. पाऊस हुकला होता, दोन वर्षे फौजांनी मुलूख तुडविला होता, आणि धान्य असलेल्या ठिकाणाहून नसलेल्या ठिकाणी नेण्यात राहदारीची आडकाठी होती. १६५९ साली बादशहाने राहदारी माफ केली. पंढरी म्हणून कसाबापासून कुंभारापर्यंत आणि भाजीवाल्यापासून सराफापर्यंत सर्वांच्या दुकानजागेवर जी पट्टी होती तीही माफ केली, आणि यांखेरीज लहानमोठ्या बऱ्याच बाबी काढून टाकल्या. या एका राहदारीने खालशाच्या, म्हणजे खुद्द सरकारच्या ताब्यातील मुलखातच वर्षाला २५ लाख रुपयांचे उत्पन्न बुडणार होते. हुकूम प्रजेच्या हिताचा होता, बादशहाच्या मनापासूनचा होता, आणि त्यास विरोध करू शकेल अशी कोणतीही सभा, कोणतेही न्यायालय किंवा कोणताही लेखी निर्बंध त्या साम्राज्यात अस्तित्वात नव्हता. अनियंत्रित सत्तेचे एखादे चांगले काम दाखवा असे कोणी म्हटले, तर हे दाखवावे.

पुढे काय झाले ते खाफीखानाने लिहून ठेविले आहे. 'मुन्तखब-उल्-लुबाब' या त्याच्या इतिहासातील हा भाग मला नेहमीच फार मोलाचा वाटत आला आहे. कारण लढाया आणि दरबार यांतून वेळ काढून पट्ट्या व वसुली यांविषयी तळमळीने लिहिणारे बखरकार आपल्याकडे थोडे. तो म्हणतो की, पंढरी तेवढी राजधानीत व मोठ्या शहरांत बंद झाली; बाकीच्या बाबतीत हुकमाचा काही उपयोग झाला नाही. दूरच्या मुलखात फौजदारांनी व जहागीरदारांनी वसुली चालूच ठेविली. कित्येकांनी पूर्वीपेक्षा अधिक घेतले. राहदारीची गोष्ट तर या थरास गेली की, माल कारखान्यातून अथवा बंदरातून निघून मुक्कामास पोचेपर्यंत त्याच्या मूळ किमतीच्या दुप्पट रक्कम वाटेतच भरावी लागे.

याचे कारण खाफीखान देतो, आणि ते कारण तलवारीत नसून वहीत आहे. मनसबदारास पगार रोख मिळत नसे; पगाराच्या रकमेइतकी आकारणी असलेला मुलूख जहागीर म्हणून तोडून मिळे. त्या आकारणीत शेतसाऱ्याबरोबर राहदारीसारख्या बाबीही धरलेल्या असत. फर्मान निघाले, पट्ट्या माफ झाल्या. परंतु दिवाणी दफ्तरातील मुत्सद्द्यांनी जहागिरीच्या आकारणीतून ती रक्कम कमी केली नाही. कागदावर जहागीर पूर्वीइतक्याच उत्पन्नाची राहिली. जहागीरदार म्हणे, "आमच्या तनख्यात ही बाब लावून दिली आहे, मग आम्ही ती का घेऊ नये?" दिल्लीत बसून माफी देणारा एक, आणि तिचा तोटा सोसणारा दुसरा, असा हा प्रकार होता, आणि साम्राज्यातील बहुतेक मुलूख तर जहागिरीतच वाटलेला. बादशहाने उदारपणे सोडलेला पैसा पुष्कळसा दुसऱ्याच्या खिशातील होता. त्या दुसऱ्याने तो सोडला नाही यात नवल ते काय?

तक्रारी दरबारापर्यंत पोचतच नसत असेही नाही. पोचत, तेव्हा अपराध्याची मनसब कमी करण्यात येई, मनाई बजावण्यासाठी गुर्जबर्दार धाडीत. काही दिवस वसुली थांबे. मग अपराध्याचा दरबारातील वकील किंवा पाठीराखा शब्द टाकी, मनसब पूर्ववत होई, आणि नाक्यावरचा माणूस पुन्हा आपल्या जागी येऊन बसे.

आता कोणी म्हणेल, हादेखील एक अंकुशच झाला; बादशहाची सत्ता वाटते तितकी अमर्याद नव्हती एवढेच यावरून सिद्ध होते. अलीकडच्या इतिहासपंडितांत या मताचे पुरस्कर्ते आहेत, आणि मोगल राज्य हे केवळ एका माणसाच्या लहरीवर चाले हा जुना समज त्यांनी दूर केला हे उपकारच आहेत. परंतु सत्ता अडली म्हणजे तिच्यावर अंकुश होता, असे म्हणणे मला धाडसाचे वाटते. अंकुश हा ज्याच्यावर बोजा पडतो त्याच्या किंवा त्याच्या वतीने बोलणाऱ्याच्या हाती असावयास हवा. येथे तो जहागीरदाराच्या हाती होता. आणि त्याचे टोक टोचत होते ते हर्सुलावरून ज्वारीची गाडी नेणाऱ्यास.

समतोलाची योजना मोगलांस ठाऊक नव्हती असे मात्र नाही. प्रत्येक सुभ्यात फौज व बंदोबस्त सुभेदाराकडे आणि वसूल दिवाणाकडे. दिवाण सुभेदाराचा ताबेदार नव्हे. दोघांवर नजर ठेवून बातमी लिहिणारे वाकेनवीस निराळे. कारभाराच्या दृष्टीने ही रचना मोठी हुशारीची होती. पण त्यातील प्रत्येक दोरी वर एकाच हाती जात होती. खालच्यांनी एकमेकांस आवरावे, सर्वांस बादशहाने आवरावे. बादशहास कोणी आवरावे याची जागा कोरीच होती.

माँटेस्क्यूने १७४८ साली लिहिले की, पौर्वात्य राजांच्या इच्छेस आड येऊ शकते ती एकच वस्तू, धर्म. त्याची माहिती प्रवाशांच्या ग्रंथांवरून घेतलेली, म्हणून पुष्कळदा एकांगी आहे. येथे मात्र त्याचा नेम बराच जवळ लागला. औरंगजेब स्वतःस शरियतीने बांधलेला समजे. त्या बंधनाची परीक्षा दोनदा झाली. बाप जिवंत असता मुलाच्या नावाने खुतबा वाचता येणार नाही असे त्या वेळच्या मुख्य काजीने सांगितले. तेव्हा अब्दुल वहाब नावाच्या गुजराती विद्वानाने, शहाजहान राज्य करण्यास असमर्थ झाला असल्याने तख्त रिकामे आहे, असा निर्णय दिला, आणि मुख्य काजीची जागा त्यालाच मिळाली. पुढे याच अब्दुल वहाबाचा मुलगा शेख-उल्-इस्लाम काजी झाला. विजापूर आणि गोवळकोंडे या मुसलमानी राज्यांवरील स्वारी धर्मास धरून आहे असा निर्णय त्याने दिला नाही. त्याने पद सोडले आणि तो मक्केस निघून गेला. बापलेकांतील हा फरक मला विलक्षण वाटतो. न्यायाधीशाने बाणेदारपणा दाखवावा तो याहून अधिक काय दाखवावयाचा? तथापि १६८६ साली विजापूर पडले, १६८७ साली गोवळकोंडे पडले. काजी गेला आणि स्वारी झाली.

व्यापाराचे धोरण लेखणीच्या एका फटकाऱ्याने कसे पालटे याचा दाखला याच राजवटीत आहे. १० एप्रिल १६६५ च्या हुकमाने विक्रीस येणाऱ्या मालावरील जकात मुसलमान व्यापाऱ्यांस अडीच टक्के आणि हिंदूंस पाच टक्के ठरली. दोन वर्षे लोटली, आणि ९ मे १६६७ रोजी मुसलमानांची जकात साफ माफ झाली. हिंदूंची पाच टक्के कायम. या भेदाचा अन्याय सांगावयास नकोच. परिणाम असा झाला की, हिंदू सावकाराचा माल मुसलमान भागीदाराच्या नावाने नाक्यावरून जाऊ लागला, आणि पुढे मुसलमानांवरही अडीच टक्के जकात पुन्हा बसवावी लागली. जेथे दाद मागण्याची सोय नसते तेथे बाजार आपली दाद लबाडीने लावून घेतो, आणि प्रामाणिक व्यापाऱ्यावर खोटे बोलण्याची पाळी येते.

दुसरा एक उपाय म्हणजे निघून जाणे. १६६९ च्या सप्टेंबरात सुरतेच्या काजीच्या धार्मिक जुलमास कंटाळून तेथील वाणी शहर सोडून भडोचेस गेले; इंग्रज वखारवाल्यांनी त्यांची संख्या ८,००० सांगितली आहे. दुकाने बंद पडली, बंदराचा व्यवहार थंडावला, आणि बादशहाकडून अभयाचे आश्वासन आल्यावर डिसेंबरात ते परतले. हा खरा अंकुश. पण तो हुंडीवर चालणाऱ्या धनवंतांचा. ज्याची भिशी पेटीत मावते तो भडोचेस जाऊ शकतो, ज्याचे धन शिवारात उभे आहे त्याने कोठे जावे?

आपल्याकडील एक उदाहरण येथे टाळता येत नाही, कारण ते वाचकांच्या मनात आलेच असेल. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांस लिहिलेले मिठाविषयीचे पत्र प्रसिद्ध आहे. फिरंग्यांच्या बारदेशातील मीठ स्वस्त पडते, म्हणून उदमी तिकडे वळतात आणि संगमेश्वराकडील मीठ पडून राहते. तरी बारदेशच्या मिठावर जकात इतकी बसवा की ते आपल्या मिठाहून महाग पडावे, असा त्याचा आशय. संरक्षक जकातीचे तत्त्व इतक्या नेमक्या शब्दांत त्या काळी मांडलेले पाहून आमच्या पिढीला अर्थशास्त्र शिकविणाऱ्या गुरुजनांची छाती अभिमानाने फुगे, आणि ते योग्यच होते. परंतु धोरण शहाणपणाचे होते म्हणून सत्ता नियंत्रित होती असे ठरत नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० सालच्या आपल्या ग्रंथात अष्टप्रधानांची तुलना व्हाइसरॉयच्या कौन्सिलाशी केली आहे. ती करताना त्यांच्या डोळ्यांपुढे स्वतःच्या काळचे प्रश्न होते असे मला वाटते. प्रधान सल्ला देत. राजास अडविण्याचा अधिकार त्यांस नव्हता. संगमेश्वरच्या मिठागरवाल्याचे भाग्य एवढेच की, राज्यकर्ता त्याच्याकडे पाहत होता.

मग इंग्लंडात तरी या काळी काय निराळे होते? आम्हां इंग्रजी शिकलेल्यांस तेथे सारे पहिल्यापासून सुरळीत होते असे वाटण्याची खोड आहे. वस्तुस्थिती तशी नाही. पहिल्या जेम्स राजाने पार्लमेंटास न विचारता मनुकांवर जादा जकात बसविली. जॉन बेट नावाच्या व्यापाऱ्याने ती देण्याचे नाकारले. आणि १६०६ साली न्यायालयाने निकाल दिला तो राजाच्या बाजूने. परदेशचा व्यापार हा राजाच्या खास अधिकारातील विषय आहे, असे न्यायाधीशांचे म्हणणे पडले. निकालामागून राजाने आणखी कितीतरी जिनसांवर तशाच पट्ट्या बसविल्या. पार्लमेंटाच्या संमतीवाचून अशी जकात बेकायदा, हे कायद्याने ठरावयास १६४१ साल उजाडले, आणि ते पक्के व्हावयास यादवी युद्ध, एका राजाचा शिरच्छेद व १६८९ चा हक्कांचा कायदा लागला. फरक आहे तो एवढ्यातच की, बेट हरला तरी त्याचे म्हणणे दफ्तरात राहिले आणि पार्लमेंटात त्यावर वर्षानुवर्षे भाषणे झाली. हर्सुलाच्या नाक्यावर हुज्जत घालणाऱ्या गाडीवानाचे म्हणणे कोणी लिहून ठेविले नाही. त्याची हुज्जत तरी मी कशावरून गृहीत धरितो? इतकी माणसे गेली, त्यांत हुज्जत घालणारे असणारच.

आमच्या मुलखात जकातीवर पहिला लेखी निर्बंध आला तो बाहेरून. १८०२ च्या एप्रिलात निजामअलीने ईस्ट इंडिया कंपनीशी व्यापारी तह केला. दोन्ही मुलखांत जाणाऱ्यायेणाऱ्या मालावर पाच टक्के जकात एकदाच घ्यावयाची आणि वाटेतील राहदारी बंद करावयाची असे त्यात ठरले. औरंगजेबास जे साधले नाही ते कंपनीच्या एका कलमाने कागदावर तरी साधले. अंकुश होता, पण तो कंपनीच्या मालासाठी होता. ही पाच टक्क्यांची करोडगिरी मात्र हैदराबाद संस्थानाच्या अखेरीपर्यंत टिकली. माझे आजोबा मनमाडहून लग्नाचे कापड घेऊन येत, तेव्हा सरहद्दीच्या करोडगिरी नाक्यावर गाठोडे सोडून लुगडी एकेक उलगडून दाखवावी लागत, असे ते सांगत. आजीच्या शालूस नाक्यावर लागलेला शाईचा डाग आमच्या घरी पुष्कळ वर्षे दाखविला जाई. १७ सप्टेंबर १९४८ नंतर संस्थान गेले, तरी करोडगिरी लगेच गेली नाही. १९५० च्या घटनेच्या ३०१ व्या कलमाने देशभर व्यापार मोकळा केला, आणि ३०६ व्या कलमाने 'ब' वर्गाच्या राज्यांस असल्या जकाती आणखी दहा वर्षांपर्यंत चालू ठेवण्याची मुभा ठेविली. म्हणजे येथे माफी देणाऱ्यांनी वहीतील आकड्याचा विचार आधी केला होता. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ते कलमच गेले. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आल्यावर राज्यांच्या सीमांवरील करनाकेही उठले. शहराच्या पश्चिमेस 'नगर नाका' हे नाव तेवढे राहिले आहे.

परदेशी व्यापाराची गोष्ट निराळी. आपल्या घटनेचे २६५ वे कलम सांगते की, कायद्याच्या आधारावाचून कर नाही. पण तो आधारच असा आहे की, १९७५ च्या कायद्याने निर्यातशुल्क बसविण्याचा किंवा वाढविण्याचा, आणि १९९२ च्या कायद्याने निर्यात बंद करण्याचा अधिकार संसदेने केंद्र सरकारास देऊन ठेविला आहे. शुल्काची अधिसूचना आधी निघते, संसदेपुढे मागाहून ठेवितात. त्याचा अनुभव कांदा पिकविणाऱ्या महाराष्ट्रास अलीकडेच आला. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसले. ऑक्टोबरच्या अखेरीस टनास ८०० डॉलर ही किमान निर्यातकिंमत आली. ८ डिसेंबरास निर्यातच बंद झाली. मे २०२४ मध्ये बंदी उठली ती ४० टक्के शुल्क व ५५० डॉलरची अट ठेवून. सप्टेंबरात अट गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ पासून तेही गेले. शहरातील गिऱ्हाइकास कांदा स्वस्त मिळावा हा हेतू वाईट होता असे कोण म्हणेल? १६५९ चा हेतूही धान्य स्वस्त व्हावे हाच होता. या वीस महिन्यांत लासलगावास लिलाव बंद पडले, रस्ते अडविले गेले, लोकसभेत प्रश्न विचारले गेले, २०२४ च्या निवडणुकीत कांद्यावर मते मागितली गेली. सुरतेच्या वाण्यांप्रमाणे कोणास गाव सोडावे लागले नाही, आणि गाडीवानाची हुज्जत या वेळी वर्तमानपत्रांत छापून आली, हा फरक मी लहान मानीत नाही.

आमच्या हर्सुलाचे एक शेतकरी, वयाने मजहून वडील, १ एप्रिलची बातमी वाचून सायंकाळी माझ्याकडे आले. शुल्क उठल्याचा आनंद त्यांस होता. परंतु त्यांनी विचारले ते एवढेच, "सर, पुढच्या हंगामात कांदा लावू का? मधे पुन्हा कागद निघाला तर?" मी त्यांना निश्चित असे काही सांगू शकलो नाही. त्यांनी चहा घेतला, आणि अर्ध्या रानात मका पेरण्याचे ठरवून ते उठले.